निविदेत न दिसणारा खर्च

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख लिहिणार म्हटल्यावर आमच्या रूममधल्या सगळ्या हसल्या. दोन वर्षं सिव्हिल शिकूनही ‘अर्नेस्ट मनी’ला मराठीत ‘बयाणा’ म्हणतात हे मला माहीत नव्हतं. ते मला काकांनी सांगितलं, आणि हा लेखही खरं तर त्यांच्यामुळेच लिहिते आहे.

माझे काका तालुक्याच्या गावी छोटे सरकारी कंत्राटदार आहेत. मोऱ्या, गटारं, शाळेच्या खोल्या, असली कामं ते घेतात. मागच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे ट्रेनिंगला गेले. मला वाटलं होतं डोक्यावर हेल्मेट घालून साइटवर उभी राहीन. प्रत्यक्षात पहिले नऊ दिवस मी एका टेंडरच्या फाइलपाशी बसून काढले. बँकेतून सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, सी. ए. कडून टर्नओव्हरचा दाखला, जुन्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले, हातात असलेल्या कामांची यादी, यंत्रसामग्रीची यादी, स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. मग सगळं स्कॅन करायचं, डिजिटल सिग्नेचर लावायची आणि अपलोड करायचं. शिवाय बयाण्याची रक्कम अडकली ती वेगळीच. सहा जणांनी टेंडर भरलं होतं. काम दुसऱ्यालाच गेलं. काकांचा नंबर तिसरा लागला.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, “काका, एवढी मेहनत वाया गेली!”

काका शांतपणे म्हणाले, “वाया कशी जाईल? पुढच्या कामात धरतो की.”

“कशात धरता?”

“अगं, रेटमध्ये. आणखी कशात धरणार?”

हे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. कॉलेजला परत आल्यावर लायब्ररीत शोधलं, तेव्हा कळलं की काकांनी एका वाक्यात सांगितलेल्या गोष्टीवर अर्थशास्त्रात मोठा अभ्यास झालेला आहे. तोच आज सोप्या भाषेत मांडायचा प्रयत्न करते.

व्यवहार खर्च म्हणजे काय?

इंग्रजीत याला ‘ट्रान्झॅक्शन कॉस्ट’ म्हणतात. आपण ‘व्यवहार खर्च’ म्हणू. ही कल्पना रोनाल्ड कोझ या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९३७ च्या एका निबंधात मांडली. विशेष म्हणजे १९३१-३२ मध्ये अमेरिकेतले कारखाने बघत फिरताना त्यांना हा प्रश्न पडला, तेव्हा ते आपल्याच वयाचे विद्यार्थी होते. बाजारात सगळं विकत मिळतं, तर मग कंपन्या इतकी कामं घरातच का करतात? त्यांचं उत्तर असं, की बाजारातून घेण्यालाही खर्च येतो. कोझ यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं. हाच धागा पुढे नेणाऱ्या ऑलिव्हर विल्यमसन यांना ते २००९ मध्ये मिळालं.

उदाहरण आपल्या मेसचंच घ्या. ताटाचा दर ठरलेला असतो. पण त्या दरापर्यंत पोचायला काय काय लागतं?

१. शोधण्याचा खर्च: मेसवाले शोधणे, त्यांच्याकडे जेवून बघणे.
२. ठरवण्याचा खर्च: कमिटीच्या चार संध्याकाळी घासाघीस.
३. लिहिण्याचा खर्च: चपात्या किती, रविवारी गोड काय, सुट्टीत पैसे कापायचे की नाही, हे सगळं कागदावर आणणे.
४. लक्ष ठेवण्याचा खर्च: रोज कुणीतरी स्वयंपाकघरात डोकावणे.
५. भांडणाचा खर्च: मधल्या काळात तेल महागलं आणि मेसवाला म्हणाला ‘परवडत नाही’, तर पुन्हा मीटिंग.

यातला एकही पैसा ताटाच्या दरात वेगळा लिहिलेला नसतो, पण तो भरतो मात्र आपणच.

बांधकामातच हा खर्च जास्त का?

सिमेंटची गोणी घेताना हा खर्च फारसा येत नाही. भाव विचारा, पैसे द्या, गोणी उचला. बांधकामाचं तसं नाही. इथे वस्तू आधी विकली जाते आणि नंतर तयार होते. जमिनीखाली काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही.

दुसरं कारण विल्यमसन यांनी छान सांगितलं आहे. करार होण्याआधी दहा कंत्राटदार असतात. करार झाला, यंत्रं साइटवर आली, की दोन्ही बाजूंना एकच पर्याय उरतो. आपल्याकडे स्थळं बघताना दहा असतात आणि लग्नानंतर एकच, तसंच हे. मग मधेच काही बदल करायचा झाला तर स्पर्धेचा भाव मिळत नाही, फक्त वाटाघाटी होतात.

तिसरं कारण, पैसा सरकारचा म्हणजे जनतेचा असतो. बंगला बांधणारा मालक ओळखीच्या कंत्राटदाराला फोन करून ‘उद्यापासून या’ म्हणू शकतो. कार्यकारी अभियंत्याला तसं करता येत नाही. सर्वांना समान संधी दिली हे त्यांना कागदावर सिद्ध करावं लागतं. तो कागद म्हणजेच खर्च. तो खर्च पूर्ण काढून टाकला तर भ्रष्टाचाराला दार उघडेल, हेही लक्षात ठेवायला हवं.

जगातले देश या खर्चाशी कसे झगडतात ते आता पाहू. एकेक टप्पा घेऊ: करारापूर्वी, करार लिहिताना, काम चालू असताना आणि वाद झाल्यावर.

करारापूर्वी: हरलेल्यांचा खर्च

युरोपीय आयोगासाठी २०११ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सरकारी खरेदीच्या प्रक्रियेचा खर्च मोजला गेला. त्यात बांधकामाबरोबरच वस्तू आणि सेवांची खरेदीही होती. एका स्पर्धेचा सरासरी खर्च सुमारे २८,००० युरो निघाला आणि वेळ लागला साधारण १०८ दिवस. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या खर्चातला फक्त पाव हिस्सा सरकारी खात्यांचा होता. उरलेला पाऊण हिस्सा निविदा भरणाऱ्यांचा होता, आणि एका निविदेला सरासरी पाचाहून थोडे जास्त जण असल्यामुळे त्यातला बराचसा हरणाऱ्यांचा.

हा खर्च जातो कुठे? काकांचं उत्तर आठवा आणि साधं गणित करा. समजा निविदा तयार करायला कामाच्या किमतीच्या अर्धा टक्का खर्च येतो आणि सहा वेळा भरल्यावर एकदा काम मिळतं. तर मिळालेल्या त्या एका कामातून सहाही निविदांचा खर्च निघायला हवा. अर्धा गुणिले सहा, म्हणजे ३ टक्के. हे ३ टक्के कुठल्याच परिमाण तक्त्यात सापडणार नाहीत. ते काँक्रीटच्या दरात मिसळलेले असतात.

युरोपियन युनियनने २०१४ च्या निर्देशात यावर एक उपाय केला. निविदा भरताना सगळे दाखले जोडण्याऐवजी एक प्रमाणित स्वयंघोषणा द्यायची. मूळ दाखले सर्वसाधारणपणे ज्याला काम मिळणार त्याच्याकडूनच तपासून घ्यायचे. म्हणजे हरणाऱ्या पाच जणांचे हेलपाटे वाचले.

दक्षिण कोरियाने याहून आधी, २००२ मध्ये, ‘कोनेप्स’ ही देशपातळीवरची ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. कंत्राटदाराने एकदा नोंदणी केली की ती सगळ्या खात्यांकडे चालते. कर भरल्याचे वगैरे दाखले यंत्रणा त्या त्या खात्याच्या संगणकावरून स्वतःच घेते. एका निविदेच्या प्रक्रियेला पूर्वी ३० तासांहून जास्त लागायचे, ते २ तासांवर आले असे ओईसीडी या संस्थेच्या अहवालात नोंदले आहे. दुसऱ्याच्या नावाने निविदा भरू नये म्हणून २०१० पासून बोटाच्या ठशाची पद्धतही आणली.

पण कॉम्प्युटर म्हणजे जादूची कांडी नव्हे. त्याच कोरियात चार मोठ्या नद्यांच्या प्रकल्पात बड्या बांधकाम कंपन्यांनी कामं आपसात वाटून घेतल्याचं उघड झालं आणि २०१२ मध्ये त्यांना दंड झाला. ऑनलाइन झाल्याने कागद कमी झाले, संगनमत आपोआप थांबलं नाही. ते पकडायला वेगळी यंत्रणा लागते, आणि तिचाही खर्च असतो.

करार लिहिताना: ब्रिटनचा धडा

काही देशांनी विचार केला की कंत्राटदाराला फक्त बांधायला सांगण्यापेक्षा पैसे उभारणं, बांधणं आणि २५-३० वर्षं सांभाळणं असं एकत्रच द्यावं. ब्रिटनने १९९२ मध्ये अशी खासगी गुंतवणुकीची योजना आणली. ती ‘पीएफआय’ म्हणून ओळखली जाते. शाळा, हॉस्पिटलं, रस्ते अशी शेकडो कामं तिच्यातून झाली.

अडचण अशी झाली की ३० वर्षांत काय काय होऊ शकतं ते सगळं आधी लिहावं लागलं. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००७ च्या अहवालानुसार २००४ ते २००६ मध्ये पक्क्या झालेल्या प्रकल्पांना निविदेच्या टप्प्यातच सरासरी ३४ महिने लागले. जवळजवळ तीन वर्षं, आणि तोवर एक वीटही रचलेली नाही! निविदा भरणं इतकं महाग झालं की दर ३ पैकी १ प्रकल्पात सविस्तर निविदा फक्त दोनच आल्या. म्हणजे स्पर्धा काटेकोर करायला गेले आणि स्पर्धकच पळाले.

सर्वांत गाजलेलं उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचं. २००२-०३ मध्ये तिची देखभाल आणि नूतनीकरण ३० वर्षांसाठी तीन करारांनी खासगी कंपन्यांना दिलं गेलं. केवळ करार होईपर्यंतचा व्यवहार खर्च ४५५ दशलक्ष पौंड झाला. त्यात सल्लागार आणि वकील यांच्याबरोबर निविदा भरणाऱ्या कंपन्यांना परत दिलेला खर्चही होता. इतकं करून काय झालं? तीनपैकी दोन करार ज्या मेट्रोनेट कंपनीकडे होते, ती २००७ मध्ये बुडीत निघाली. तिसऱ्या करारातली कंपनी लंडनच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २०१० मध्ये विकत घेतली. कराराची हजारो पानं लिहूनही जे घडायचं ते घडलंच.

युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये काही देशांतल्या अशा भागीदारी प्रकल्पांचा हिशेब मांडला. सरकार, जिंकणारा आणि हरणारे यांचा मिळून निविदेच्या टप्प्यातला खर्च भांडवली किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक निघाला. लहान प्रकल्पांत तो प्रमाणाने आणखी जास्त होता, कारण वकिलाची फी प्रकल्पाच्या आकाराप्रमाणे लहान होत नाही. अखेर २०१८ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी असे नवे करार बंद करत असल्याचं जाहीर केलं.

काम चालू असताना: कॅलिफोर्नियाचे रस्ते आणि काकांची मोरी

आता सर्वांत महत्त्वाचा टप्पा. बजारी, हॉटन आणि टॅडेलिस या तीन संशोधकांनी कॅलिफोर्निया राज्यातल्या महामार्गांच्या डांबरीकरणाच्या कंत्राटांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली पद्धत आपल्या आयटम रेटसारखीच आहे. खातं अंदाजे परिमाणं देतं, कंत्राटदार दर भरतो, एकूण ज्याचं कमी त्याला काम. काम सुरू झाल्यावर परिमाणं बदलतात, नव्या बाबी निघतात, वाटाघाटी होतात. या बदलांमुळे होणारा खोळंबा आणि घासाघीस यांचा खर्च त्यांनी काढला. तो जिंकणाऱ्या निविदेच्या ७.५ ते १४ टक्के निघाला. कंत्राटदाराचा नफा त्या मानाने बराच कमी होता.

हे वाचून मी थक्क झाले. आपण सगळे समजतो की सरकारी काम महाग पडतं ते कंत्राटदाराच्या नफ्यामुळे. हा अभ्यास सांगतो की त्याहून मोठा खर्च अर्धवट नकाशे आणि चुकीची परिमाणं यांचा आहे. कंत्राटदाराला अनुभवाने माहीत असतं की भांडण होणार. म्हणून तो ते आधीच दरात धरतो.

मला लगेच काकांची ओढ्यावरची मोरी आठवली. एस्टिमेटमध्ये दीड मीटरवर मुरूम दाखवला होता. प्रत्यक्षात तिथे काळी माती निघाली आणि कठीण थर बराच खाली होता. जास्तीचं खोदकाम, पायाचा नवा नकाशा, जादा बाबींची मंजुरी, असा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिला. भाड्याचा पोकलेन काही दिवस उभा राहिला, मग परत पाठवावा लागला. पावसाळा आला, खड्डा भरला. शाळेतली मुलं त्या वर्षी चार महिने लांबच्या रस्त्याने गेली. काकांचं झालेलं नुकसान तरी मोजता येतं. मुलांचा तो लांबचा रस्ता कुठल्या हेडखाली टाकायचा?

यावर ऑस्ट्रेलियात एक वेगळा प्रयोग झाला. कॅनबेराचं राष्ट्रीय संग्रहालय २००१ मध्ये खुलं झालं, ते ‘अलायन्स’ पद्धतीने बांधलं होतं. मालक, आर्किटेक्ट आणि कंत्राटदार यांनी नफा-तोटा वाटून घ्यायचा आणि एकमेकांवर दावे लावायचे नाहीत असं ठरवलं. भांडणाचा खर्च वाचतो, पण हिशेबाची पुस्तकं उघडी ठेवावी लागतात आणि सरकारी बाजूलाही तितकेच जाणकार लोक रोज बसवावे लागतात. म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही, भांडणाच्या खात्यातून लक्ष ठेवण्याच्या खात्यात गेला.

वाद झाल्यावर

करार लिहिण्यात अडखळलेल्या ब्रिटनने इथे मात्र चांगला मार्ग काढला. १९९६ च्या कायद्याने, जो १९९८ पासून लागू झाला, बांधकाम करारातला वाद त्रयस्थ निर्णायकाकडे नेता येतो. त्याने सर्वसाधारणपणे २८ दिवसांत निर्णय द्यायचा. निर्णय पटला नाही तरी आधी पाळायचा, कोर्टात नंतर जायचं. त्यामुळे पैसा अडकत नाही आणि काम थांबत नाही.

आपल्या देशातही हालचाल झाली आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सूचना काढल्या. कंत्राटदाराने चालू बिल दिल्यावर देय रकमेच्या किमान ७५ टक्के १० कामकाजी दिवसांत द्यावेत असं त्यात म्हटलं. ठरावीक कामांत फक्त एल-वन न बघता गुणवत्तेलाही गुण देण्याची वाट मोकळी केली. जून २०२४ मध्ये याच मंत्रालयाने मोठ्या रकमांचे वाद सरसकट लवादाकडे न नेता मध्यस्थीने सोडवण्यावर भर दिला. या सूचना केंद्राच्या कामांसाठी आहेत. आणि सूचना निघणं वेगळं, दहाव्या दिवशी पैसे मिळणं वेगळं, हे काकांसारख्या माणसाला कुणी सांगायला नको.

मग आपण काय करायचं?

या सगळ्या देशांकडे बघून मला एक गोष्ट समजली. व्यवहार खर्च शून्य कुणालाच करता आला नाही. करारापूर्वी वाचवला तर तो नंतर निघतो, कागदावर बांधायला गेलो तर वकिलाकडे जातो. पण एक जागा अशी आहे की तिथे थोडा खर्च केला तर पुढचा सगळाच कमी होतो. ती जागा म्हणजे टेंडर निघण्यापूर्वीचं एस्टिमेट. चार जागी बोअर घेतले, लेव्हल नीट घेतल्या, परिमाणं खरी काढली, तर कंत्राटदाराला भीतीपोटी दर वाढवावा लागत नाही आणि नंतर भांडायला कारणही उरत नाही. आणि मित्रांनो, हे काम अर्थतज्ज्ञाचं नाही, वकिलाचं नाही. ते आपलं आहे.

मी काकांना विचारलं होतं की त्या एस्टिमेटमध्ये मुरूम आला कुठून? ते हसले. म्हणाले, “मागच्या मोरीच्या एस्टिमेटवरून उतरवला असेल. लिहिणाऱ्याकडेही एकट्याकडे चाळीस कामं असतात गं.” त्यांनी त्या माणसाला दोष दिला नाही. मलाही देता आला नाही, कारण सॉइल मेकॅनिक्सच्या जर्नलमधला माझा बोअर लॉग मी सीनियरच्या जर्नलवरून उतरवला होता. आपल्यापैकी किती जणांनी तेच केलं आहे, हे मी इथे विचारत नाही.

काकांनी या वर्षी एकही सरकारी टेंडर भरलेलं नाही. दोन बंगल्यांची कामं घेतली आहेत. “डोक्याला त्रास नाही,” म्हणतात. एक प्रामाणिक माणूस स्पर्धेतून कमी झाला, म्हणजे पुढच्या मोरीचा दर थोडा वाढला. तोही निविदेत कुठे दिसणार नाही.

दोन-तीन वर्षांत आपल्यातले काही जण टेबलाच्या त्या बाजूला बसतील आणि काही जण या बाजूला. ‘कठीण थराची खोली’ हा रकाना भरायची वेळ आली, तर निदान एकदा साइटवर जाऊन खड्डा घेऊ या. माझ्यापुरतं सांगायचं तर या सेमिस्टरचं जर्नल मी स्वतः लिहिते आहे. रूममधल्या यालाही हसल्या, पण चालेल.